भावाची हनुवटी

माझा भाऊ तीन वर्षांचा असताना माझ्यामुळे पडला, आणि ते मी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही. तेव्हा मी स्वतःच नऊ वर्षांची होते. आमचं घर धानोऱ्याला. आई आणि वडील, म्हणजे आबा, भुईमूग उपटायला शेतात गेले की भाऊ माझ्या कडेवर असायचा.

त्या दुपारी अंगणात आमची बैलगाडी सोडून ठेवलेली होती, जू जमिनीला टेकलेलं. रिकाम्या गाडीशी खेळायचं नाही अशी आबांची सक्त ताकीद होती. शेजारच्या दोन मुली आल्या. एक जण पुढे जुवावर बसायची आणि बाकीच्यांनी मागून गाडीवर उड्या मारायच्या, म्हणजे जू वर उचललं जायचं, असा आमचा खेळ. भाऊ रडत होता. त्याला गंमत म्हणून मी जुवावर बसवलं आणि मागे जाऊन उडी मारली. गाडी एकदम उलाळ झाली. जू माणसाच्या उंचीइतकं वर गेलं आणि भाऊ तिथून सुटला तो खाली गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर. हनुवटी आधी आपटली.

शेजारच्या मुली पळाल्या. मी त्याला उचललं. हनुवटीखाली चीर पडली होती, पण तिथून फार रक्त येत नव्हतं. रक्त येत होतं डाव्या कानातून, बारीक धार. कान तर कुठे आपटलाच नव्हता, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं. मी डोणीतल्या पाण्याने त्याचा कान धुतला, माझ्या परकराच्या टोकाने पुसला, आणि परकर तिथेच धुऊन टाकला. आई परतली तेव्हा तो माझ्या मांडीवर झोपला होता.

"काय व्हयनं वं?" आईने चीर पाहून विचारलं.

"उंबरठावर पडना," मी म्हणाले.

आईने हळद भरली. चार-पाच दिवस त्याने नीट खाल्लं नाही, नुसतं दूध प्यायला. मग खायला लागला, पण एकाच बाजूने. खाताना त्याचं तोंड थोडं वाकडं व्हायचं. पोरांना अशा सवयी लागतात, असं आई म्हणाली, आणि मी सुटले असं मला वाटलं.

सुटले नव्हते हे कळायला दोन वर्षं लागली.

तो पाच वर्षांचा झाला तेव्हा आईच्या लक्षात आलं की घास मोठा असला तर त्याच्या तोंडात जात नाही. तिने त्याला मोठा आ करायला सांगितलं. त्याच्या दातांमध्ये आईची दोन बोटं जेमतेम मावली. पुढच्या दिवाळीला एकच बोट मावलं. आई रोज सकाळी बोट घालून बघायची, आणि ती बघायला लागली की मी घरातून निघून जायचे. भाकरी आता दुधात कुस्करून द्यावी लागत होती. तो बोलायचा ते दातांच्या आतून, त्यामुळे बाहेरच्यांना अर्धंच कळायचं.

त्याचा चेहराही बदलू लागला होता. लहान मुलाची हनुवटी तशी लहानच असते, म्हणून आधी काही कळलं नाही. पण त्याच्या बरोबरीच्या मुलांचे दुधाचे दात पडले, नवे रुंद दात आले, त्यांचे जबडे त्या दातांना जागा करून देत पुढे आले. याची हनुवटी होती तिथेच राहिली, आणि हळूहळू डाव्या बाजूला सरकली. नवे दात दाटीवाटीने एकावर एक चढले. डावा गाल गुबगुबीत दिसायचा, उजवा सपाट, ओढल्यासारखा. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा की उजवी बाजू वाळत चालली आहे. आई उजव्या गालाला एरंडाच्या पानाचा शेक द्यायची. शाळेत मुलांनी त्याचं नाव चोच्या ठेवलं.

सहा वर्षांचा असताना एकदा आबांनी ठरवलं की आपणच तोंड उघडायचं. त्यांनी बाभळीची एक पाचर तासून गुळगुळीत केली. आईने भावाचं डोकं मांडीत धरलं. मला पाय धरायला सांगितले. आबांनी पाचर पुढच्या दातांमध्ये घातली आणि दाबली. भाऊ ओरडलासुद्धा नाही, कारण ओरडायला तोंड उघडावं लागतं. त्याच्या घशातून एक आवाज निघाला आणि त्याचे पाय माझ्या हातात ताठ झाले. मग काहीतरी मोडल्याचं ऐकू आलं. सगळ्यांना वाटलं जबडा सुटला. पण नुकताच आलेला एक नवा दात मोडला होता. आबांनी पाचर चुलीत टाकली. त्या मोडक्या दाताच्या फटीतून पुढे भावाला पेज आणि वरण भरवणं सोपं झालं, ही त्यातली एकच बरी गोष्ट.

पुढच्या उन्हाळ्यात आबा काठी गावाकडच्या एका म्हाताऱ्याला घेऊन आले. डोंगरात तो हाडं बसवायचा आणि लोक त्याच्याकडे दोन-दोन दिवसांची वाट चालून जायचे. त्याची बोली आम्हाला जेमतेम कळायची, आमची त्याला थोडी. त्याने भावाला समोर बसवून स्वतःची दोन बोटं त्याच्या दोन्ही कानांपुढे ठेवली आणि तोंड उघडायचा प्रयत्न कर असं खुणेने सांगितलं. बराच वेळ तो तसाच डोळे मिटून बसला होता. मग डोळे उघडून त्याने आईला विचारलं, "पडला तेव्हा कानातून रगत आलं होतं?"

"नही," आई म्हणाली. "उंबरठावर पडना व्हता. हनुवटीले लागनं, बस."

मी दाराला टेकून उभी होते. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं की मला तसं वाटलं, कुणास ठाऊक. मी बारा-तेरा वर्षांची होते, आबा समोर होते, आणि माझं लग्न ठरत होतं. मी काही बोलले नाही. तो म्हातारा एवढंच म्हणाला की हाड हाडाला धरून बसलं आहे, याला जोर लावू नका, हे माझ्या हातचं काम नाही. आबांनी दिलेली ज्वारीसुद्धा त्याने घेतली नाही.

त्यानंतर वर्षभरात मी विसरवाडीला सासरी गेले. सासऱ्यांचं रस्त्यावर किराण्याचं दुकान होतं. माहेरी मी वर्षातून दोनदा यायचे, आणि रोज बघणाऱ्यांना जे दिसत नाही ते मला दर खेपेला दिसायचं. दहाव्या वर्षानंतर मुलांचे चेहरे लांबायला लागतात. नाक वर येतं, गालांची गोलाई जाते, खालचा जबडा रुंद होतो. शेजारचा मुलगा, जो भावापेक्षा सहा महिन्यांनी लहान होता, तो एका वर्षात असा बदलला की मी त्याला ओळखलं नाही. भावाचा वरचा चेहरा मोठा होत होता, कपाळ, नाक, डोळे आबांसारखे होत होते, पण खालचा भाग तीन वर्षांच्या मुलाचाच राहिला होता. मी निघताना दर वेळी ठरवायचे की आता सांगायचं. आणि दर वेळी वाटायचं की सांगून काय होणार, हाड थोडंच सुटणार आहे.

तो बारा वर्षांचा होता त्या पावसाळ्यानंतर मी माहेरी आले आणि त्याला हिवताप आला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला उलटी झाली. उलटी वर आली, पण दात मिटलेले. फटीतून थोडी बाहेर पडली, बाकीची आतच अडकली. त्याने गळ्याशी हात नेले. तोंड निळं पडू लागलं. आई नुसती त्याचं नाव घेत राहिली. मी त्याला पालथं करून माझ्या गुडघ्यांवर घेतलं, डोकं खाली केलं, आणि पाठीवर थापा मारत राहिले. फटीत बोट घालून जेवढं ओढता येईल तेवढं ओढलं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग त्याच्या नाकातून पाणी आलं आणि त्याने श्वास घेतला. तेवढ्यात शेतातून आलेले आबा तो श्वास घेण्याचा आवाज ऐकून दारातच खाली बसले.

संध्याकाळी आबा म्हणाले, "पुढली उलटी व्हई तवय कोनी जवळ नसनं तं? याले सुरतले लई जास."

नंदुरबारहून सुरतेची गाडी होती. ताप उतरल्यावर आम्ही चौघं निघालो. सासरी मी निरोप धाडला की आठ दिवसांत येते.

सुरतेच्या दवाखान्यातले डॉक्टर गुजराती बोलायचे. आबांना ती चांगली येत होती, मलाही दुकानामुळे समजायची, आणि आमच्या बोलीच्या जवळची म्हणून आई आणि भावालाही बरीचशी कळायची. डॉक्टर उंच, सावकाश बोलणारे होते. त्यांनी भावाचा चेहरा समोरून, बाजूने, खालून पाहिला, एका पट्टीने दातांमधली जागा मोजली, आणि मग म्हाताऱ्यासारखीच दोन बोटं कानांपुढे ठेवली.

"कुठली बाजू दुखायची?" त्यांनी विचारलं.

"उजवी," आबा म्हणाले. "ती बाजू वाळली आहे."

डॉक्टरांनी मान हलवली. ते म्हणाले, "दिसतं तसं नसतं. खालचा जबडा वाढतो तो कानापुढच्या या सांध्यापाशी. तिथे हाड वाढतं आणि हनुवटी खाली, पुढे ढकलली जाते. लहानपणी एका बाजूचा सांधा मोडून जुळून गेला तर त्या बाजूची वाढ खुंटते. हनुवटी तिकडे ओढली जाते. आखूड हाडावर मांस गोळा होतं, म्हणून बिघडलेला गाल भरलेला दिसतो. चांगली बाजू वाढत जाते आणि ताणून सपाट दिसते. म्हणून मला डाव्या बाजूचा संशय आहे."

इतकी वर्षं आम्ही चांगल्या बाजूला शेक देत होतो.

"संशय आहे, खात्री नाही," डॉक्टर पुढे म्हणाले. "मला कुठल्याच बाजूची हालचाल नीट लागत नाही. कदाचित दोन्ही सांधे धरलेले असतील. मला नीट समजून घेऊ द्या. याला क्लोरोफॉर्म द्यावा लागेल, आणि याचं तोंड उघडत नाही. मध्येच श्वास अडला तर जीभ ओढायला मला जागा नाही. जितका वेळ कमी तितकं बरं. चुकीच्या बाजूला सुरुवात केली तर तो वेळ मी कुठून आणू? हा कसा पडला, कुठे लागलं, रक्त कुठून आलं, आठवून सांगा."

आबांनी आईकडे पाहिलं. आईने तेच सांगितलं, उंबरठा, हनुवटी, हळद.

भाऊ स्टुलावर बसला होता, आणि त्याची नजर आमच्या तिघांवरून फिरत होती. मी म्हणाले, "डाव्या कानातून रक्त आलं होतं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही पाहिलं?"

"मीच पुसलं. तो उंबरठ्यावर नाही पडला. मी त्याला गाडीच्या जुवावर बसवलं होतं. जू वर गेलं आणि तो डोणीवर पडला. उजव्या कानातून काही आलं नव्हतं. फक्त डाव्या."

डॉक्टरांनी मला पुन्हा विचारलं, जू किती उंच गेलं होतं, हनुवटीची कुठली बाजू आपटली, किती दिवस तो जेवला नाही. मी जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं. रागावले नाहीत. "डाव्या बाजूने सुरुवात करतो," एवढंच म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर आबा मला म्हणाले, "तवय काब्रं नही सांगं तू?"

"भ्याव वाटनं," मी म्हणाले.

आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती तशीच बसून म्हणाली, "त्या म्हाताराले मी नही सांगं. मन्हा तोंडथीन खोटं निंघनं, तुन्हा पायी." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. दातांतून म्हणाला, "डावीकडलंच शे ते. तिकडे काहीच हालत नही. उजवीकडे जरासं हालस."

"मंग सांगं नही का?"

"माले कोनी इचारं नही."

खरं होतं. त्याचं बोलणं समजायला वेळ लागायचा, म्हणून त्याच्या वतीने आम्हीच उत्तरं द्यायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत नेलं. दार बंद झालं. आबा व्हरांड्याच्या एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला देवाचं नाव पुटपुटत, मी मधे. आतून भांड्यांचे आवाज यायचे, मग काहीच नाही. एकदा एक नर्स घाईने बाहेर आली, दुसऱ्या खोलीत गेली, आणि हातात काहीतरी झाकून परत पळाली. आबा उठून उभे राहिले. दार पुन्हा बंद झालं. आई जिथे होती तिथेच होती, पण तिच्या ओठांची हालचाल थांबली होती. उन्हाची तिरीप व्हरांड्याच्या फरशीवरून माझ्या पायांपर्यंत आली, पुढे सरकली. मी नर्सच्या धावण्याचा अर्थ लावत राहिले, आणि प्रत्येक अर्थ एकाच ठिकाणी जाऊन थांबत होता.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला घामाने ओल आली होती. "मधे श्वास थांबला होता," ते म्हणाले. "आला परत. डावाच सांधा होता. हाड कवटीला जुळून गेलं होतं, ते कापून मधे जागा केली. उजवा चांगला आहे, त्याला हात लावला नाही."

मग त्यांनी आबांना बाजूला घेऊन जे सांगितलं ते मीही ऐकलं. कापलेलं हाड पुन्हा जुळायला बघेल. जखम भरायच्या आधीपासून रोज तोंड ताणून उघडावं लागेल, दिवसातून पाच वेळा, सहा महिने. दुखेल. तो रडला म्हणून थांबलात तर हे सगळं फुकट. आणि अजून एक, हनुवटी पूर्ण जागेवर येणार नाही. गेलेली वर्षं परत मिळत नाहीत. पण अठरापर्यंत जबडा वाढत असतो, ती वर्षं अजून हातात आहेत. चावू द्या त्याला.

दवाखान्याने लाकडी पट्ट्यांचा जुडगा दिला. दातांमध्ये दोन पट्ट्या ठेवायच्या, आणि त्यांच्या मधे एकेक पट्टी सरकवत जायचं. पहिल्या दिवशी नर्सने दाखवलं. दुसऱ्या दिवशी आईने पट्टी हातात घेतली आणि खाली ठेवली. "मन्हाकडून व्हवाव नही," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. आबांनी तर पट्ट्यांकडे पाहिलंही नाही. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

मी सासरी आठ दिवसांत परतले नाही. पाच महिने धानोऱ्याला राहिले. नवऱ्याचे तीन निरोप आले, तिसरा रागाचा होता. मी उत्तर धाडलं की भावाचं तोंड मिटलं तर ते पुन्हा उघडायला कुणी नाही. त्याने पुढे निरोप पाठवला नाही, आणि तो मला परत घेणार की नाही ही टांगती तलवार डोक्यावर घेऊन मी ते महिने काढले.

भाऊ पहिल्या आठवड्यात माझा तिरस्कार करायला लागला. पट्ट्यांचा आवाज आला की तो पळायचा. मी त्याला कोपऱ्यात गाठायचे. एक पट्टी जास्त सरकली की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो माझ्या मनगटात नखं रुतवायचा. "तूच पाडं माले," तो एकदा म्हणाला. मी म्हणाले, "हो, मीच पाडं. उघाड." आणि पट्टी सरकवली. तेव्हा आई चुलीपाशी होती. तिने ऐकलं. त्या संध्याकाळी तिने माझ्या ताटात आधी भात वाढला आणि म्हणाली, "हात दखाड." नखांच्या जखमांवर तिने तेल लावलं. व्हरांड्यानंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. त्यापलीकडे तो विषय तिने कधी काढला नाही.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस मधली पट्टी सरकेचना. आदल्या दिवशी सहा गेल्या होत्या, आज पाचवर अडली. हाड जुळतंय. मी त्याला काही सांगितलं नाही, नुसती थांबले, त्याच्या गालावर गरम पाण्याची घडी ठेवली, आणि पुन्हा लावली. तो ताठ बसला होता, त्यालाही समजलं होतं. त्या दिवशी त्याने मला ढकललं नाही. स्वतःच माझ्या हातावर हात ठेवून दाबलं. सहावी गेली. त्यानंतर पट्ट्या तो स्वतः लावू लागला, मी फक्त मोजायचे.

पाचव्या महिन्याच्या शेवटी त्याच्या तोंडात माझी तीन बोटं मावत होती. नवरा मला न्यायला स्वतः आला. अंगणात बसून त्याने भावाला कणीस खाताना पाहिलं, दाण्यांच्या ओळी दाताने सोलताना, आणि वाटेत तो माझ्यावर एका शब्दानेही रागावला नाही.

पुढची पाच-सहा वर्षं मी माहेरी गेले की आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे. जबडा खरंच वाढत होता. चौदाव्या वर्षी हनुवटी ओठांच्या खाली दिसू लागली, सोळाव्या वर्षी चेहऱ्याला लांबी आली. चोच्या हे नाव मुलांनी केव्हातरी सोडलं. पण वाढ दोन्ही बाजूंनी सारखी नव्हती. हनुवटी डावीकडे कललेली राहिली आणि उजवी बाजू लांबच दिसायची.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत तो अठरा वर्षं पुरी करून विसरवाडीला आमच्याकडे आला. त्याला नंदुरबारला कापसाच्या एका जिनात कामाला लागायचं होतं आणि त्याआधी दाढी करायची होती. नवऱ्याचा वस्तरा घेऊन तो ओट्यावर बसला आणि मला आरसा धरायला सांगितलं. हनुवटीच्या डाव्या बाजूला, जिथे हाड आत वळतं, तिथे त्याला काही दिसत नव्हतं.

"अक्का, आठे तू सांग," तो म्हणाला. मी त्याला सांगत गेले, थोडं वर, आता खाली, सावकाश. दाढी झाल्यावर त्याने आरसा माझ्या हातातून घेतला आणि एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने बघितलं.

"अजून वाढी का ही?"

"नही," मी म्हणाले. "डॉक्टर बोलना व्हता, अठरापर्यंतच."

"बरं," तो म्हणाला. त्याने तोंड धुतलं, पंच्याने पुसलं, आणि विचारलं की नंदुरबारची मोटार किती वाजता जाते.